गुरू ग्रहाचे तारा होणे

गुरू ग्रहाचे तारा होणे : गुरूसारख्या वायूंनी बनलेल्या महाकाय ग्रहाच्या गाभ्यात हायड्रोजनचे केंद्रकीय संमीलन (अणुकेंद्रके एकमेकांत मिसळणे) सुरू होऊन तो स्वतःच्या तेजाने चमकू लागेल, ही कल्पना. गुरूच्या बाबतीत असे घडणार नाही. सूर्य ज्या हायड्रोजन आणि हेलियमचा बनला आहे, मुख्यतः त्यांचाच गुरूही बनला आहे. कमी पडते ते वजन.

प्रश्न मात्र रास्त आहे. विदर्भात तुरी-हरभऱ्याच्या शेतात रानडुकरांसाठी रात्री जागलीला बसणाऱ्यांना गुरू चांगला ओळखीचा असतो. शुक्र संध्याकाळी नाहीतर पहाटेच दिसतो. गुरू काही महिने रात्रभर सोबत करतो आणि इतर चांदण्यांसारखा लुकलुकत नाही. २१ डिसेंबर २०२० रोजी, कापूस वेचणीच्या दिवसांत, सूर्य मावळल्यावर गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ दिसले की पुष्कळांना ती एकच चांदणी वाटली. ‘हे दोघं एक झाले तं दुसरा सूर्य होईन का, सर?’ हे तेव्हा बांधावर ऐकलेले वाक्य. त्या संध्याकाळीही दोघांमध्ये सुमारे ७३ कोटी किलोमीटर अंतर होते. पण ते खरोखरच एक झाले असते, तर?

गुरूचे वस्तुमान ३१८ पृथ्व्यांएवढे, शनीचे ९५ पृथ्व्यांएवढे. शनीच काय, सूर्यमालेतले उरलेले सगळे ग्रह गुरूत ओतले तरी तो आजच्या दीडपटही होत नाही. तारा होण्यासाठी त्याला सुमारे ७५ ते ८० पट व्हावे लागेल. एवढा माल सूर्यमालेत एकट्या सूर्यापाशी आहे, कारण सूर्याचे वस्तुमान सुमारे १,०४७ गुरूंएवढे आहे.

तारा ‘जळतो’ असे आपण म्हणतो, पण या शब्दाने मोठा घोटाळा होतो. चुलीत पऱ्हाटी जळते ती हवेतल्या ऑक्सिजनमुळे. ताऱ्यात असे काहीच जळत नाही. तिथे हायड्रोजनची अणुकेंद्रके एकमेकांत मिसळून हेलियम तयार होतो आणि त्यातून ऊर्जा सुटते. ही केंद्रके एकमेकांना दूर लोटतात. त्यांना भिडवायचे तर प्रचंड उष्णता आणि दाब हवा, आणि तो दाब वरच्या थरांच्या वजनातूनच येतो. सूर्याच्या केंद्राशी सुमारे दीड कोटी अंश तापमान आहे. लहानात लहान ताऱ्यालाही गाभ्यात ३० लाख अंशांच्या आसपास पोचावे लागते. गुरूच्या केंद्राचा अंदाज सुमारे २० हजार अंशांचा आहे.

वस्तुमान वाढवत नेले तर गुरू फुगत जाईल असे वाटते, पण तसे होत नाही. बंडीत कापूस भरताना पोरे वर चढून तो तुडवतात. तुडवावा तसा आणखी कापूस मावतो आणि बंडी तेवढीच राहते. गुरूच्या कितीतरी पट जड असलेले पिंडही आकाराने साधारण गुरूएवढेच असतात. ८५ गुरूंएवढ्या वस्तुमानाचा एक तारा २०१७ साली जाहीर झाला, त्याचा आकार तर जवळपास शनीएवढा भरला. पण कापसालाही शेवटी दबण्याची हद्द असते. वस्तुमान कमी असेल तर गाभा पुरेसा तापण्याआधीच त्यातले इलेक्ट्रॉन आणखी दाबले जायला नकार देतात. त्यांचा हा विरोध उष्णतेवर अवलंबून नसतो, त्यामुळे पिंड थंड झाला तरी तो कायम राहतो आणि आकुंचन तिथेच थांबते.

या हद्दीच्या अलीकडे अडकलेल्या पिंडांना तपकिरी बटू म्हणतात. असे पिंड असले पाहिजेत हे भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच गणिताने दाखवले होते. तपकिरी बटू हे नाव खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी १९७५ साली दिले आणि प्रत्यक्ष पुरावा १९९५ मध्ये मिळाला. सुमारे १३ गुरूंपुढच्या वस्तुमानाला ड्यूटेरियम या जड हायड्रोजनचे संमीलन काही काळ चालते, पण ते लवकर सरते. गुरू या पायरीपासूनही दूर आहे.

बाहेरून ठिणगी टाकूनही काही साधणार नाही. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले. आपल्याकडे अशाच आघाताने पडलेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. गुरूवर उमटलेले काही काळे डाग पृथ्वीपेक्षाही मोठे होते. ते काही महिन्यांत पुसले गेले. २१ सप्टेंबर २००३ रोजी गुरूचा अभ्यास करणारे गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूत सोडले, तेव्हा त्यातल्या प्लुटोनियम या किरणोत्सारी धातूमुळे गुरू पेटेल अशी भीती काहींनी पसरवली होती. यान वातावरणात नष्ट झाले आणि गुरू होता तसाच राहिला.

गुरूला ‘फसलेला तारा’ म्हणण्याची रीत आहे. ती चुकीची वाटते. तारे वायूचा ढग स्वतःच्या भाराने कोसळून जन्मतात. गुरू मात्र सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत, प्रचलित मतानुसार आधी घन गाभा जमून आणि मग त्यावर वायू ओढून घेत वाढला. तो तारा होण्याच्या वाटेवर कधी नव्हताच. सूर्याकडून मिळते त्यापेक्षा जास्त उष्णता तो बाहेर टाकतो हे खरे, पण ती मुख्यतः जन्माच्या वेळची शिल्लक आणि अजून चाललेल्या मंद आकुंचनाची आहे. गवऱ्यांच्या आरातून काढलेला रोडगा वरून निवला तरी आतून चटका देतो, तसे हे आहे. काळ जाईल तसा गुरू तापत नाही, निवत जातो. तो सर्वांत गरम होता तो सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, नुकता घडला तेव्हा.