कौटुंबिक न्यायालयात व्हॉट्सॲप चॅट पुरावा म्हणून कसे दाखल करावे

घटस्फोट, पोटगी किंवा मुलांच्या ताब्याच्या प्रकरणात दोन्हीपैकी कोणताही पक्षकार मेसेज, ईमेल, कॉल रेकॉर्डिंग दाखल करू शकतो. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 14 नुसार, वाद मिटवायला उपयोगी पडेल असा मजकूर पुरावा कायद्याच्या चौकटीत बसत नसला तरी न्यायालय विचारात घेऊ शकते. ही मुभा फक्त कौटुंबिक न्यायालयाला आहे. जिथे ते नाही आणि अर्ज दिवाणी न्यायालयात चालतो, किंवा कौटुंबिक हिंसाचाराचे प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे आहे, तिथे कलम 14 कामाला येत नाही. त्यामुळे कलम 14 च्या भरवशावर न राहता इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रासह सगळी कागदपत्रे तयार ठेवावीत.

नवरा-बायकोमधला संवाद गोपनीय असल्याची हरकत हमखास घेतली जाते. दोघांमधल्याच दाव्यात ती टिकत नाही. जोडीदाराच्या नकळत केलेले संभाषणाचे रेकॉर्डिंगही वैवाहिक खटल्यात ग्राह्य धरता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2025 रोजी सांगितले. पण ग्राह्य धरले म्हणजे शाबीत झाले असे नव्हे. शिवाय जोडीदाराच्या फोनमध्ये परवानगीशिवाय शिरून मजकूर काढला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली वेगळी तक्रार होऊ शकते. स्वतःच्या फोनवर आलेले मेसेज वापरणे केव्हाही बरे.

आधी ‘एक्स्पोर्ट चॅट’ने पूर्ण संभाषण काढा. समोरच्याने ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू केली असेल तर एक्स्पोर्ट होत नाही. मग तारखेसह सलग स्क्रीनशॉट घ्यावे लागतात. एक्स्पोर्ट फाइलमध्ये नंबर नसतो, तुम्ही सेव्ह केलेले नाव येते. ‘हे मी पाठवलेच नाही’ या बचावाला इथेच वाव मिळतो. म्हणून संपर्काच्या माहितीचा, नंबर दिसणारा स्क्रीनशॉट जोडा. सोयीचे चार मेसेज निवडून दिले तर उलटतपासणीत मागचे-पुढचे विचारले जातेच, त्यामुळे त्या काळातले सलग चॅट द्या. रोमन लिपीतले मराठी असेल तर देवनागरी प्रतही सोबत ठेवा.

आता प्रमाणपत्र. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 (1 जुलै 2024 पासून लागू) च्या कलम 63(4) खालचा नमुना अनुसूचीत आहे. भाग ‘अ’ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा: फोनची कंपनी, मॉडेल, रंग, सिरियल नंबर, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा ठशासारखा क्रमांक, फाइल जराही बदलली की तो बदलतो) आणि ती कोणत्या पद्धतीने काढली (एसएचए-256 वगैरे), तारीख, वेळ, ठिकाण, सही. भाग ‘ब’ तज्ज्ञाने. नेमका हाच भाग जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-ब च्या नमुन्यात नव्हता, आणि जुना नमुना उतरवून दिलेली प्रमाणपत्रे इथेच अडकतात. हॅश काढल्यावर फाइल उघडून सेव्ह करू नका. फोटो व्हॉट्सॲपवरून वकिलांना पाठवलात तर तो दाबला जातो आणि हॅश बदलते. पेनड्राइव्हवर कॉपी करून द्या.

मूळ फोनच मालकाने साक्षीच्या वेळी हजर केला तर प्रमाणपत्र लागत नाही, हे जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात (2020) स्पष्ट झाले. पण मग फोन न्यायालयात जमा राहू शकतो. प्रमाणपत्र दिले तरी फोन रिसेट करू नका, विकू नका.

छापील प्रती, पेनड्राइव्ह आणि प्रमाणपत्र दस्तऐवज यादीसह अर्जासोबतच द्यावे, जाबदाराने (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याने) कैफियतीसोबत, म्हणजे लेखी उत्तरासोबत. नंतर दाखल करायचे तर परवानगी अर्ज करून उशिराचे कारण द्यावे लागते. सरतपासणीच्या (स्वतःच्या बाजूच्या साक्षीच्या) शपथपत्रात फोन कोणाचा, नंबर कोणाचा, चॅट कसे काढले हे लिहा, नाहीतर निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या दस्तऐवजाला न्यायालय देते तो क्रमांक) पडताना हरकत येते. त्याआधी समोरच्याला दस्तऐवज कबूल करण्याची नोटीस देऊन पाहा. स्वतःचा नंबर बरेच जण नाकारत नाहीत.