जखमी चिंचिलाला आंघोळ घालू नका, हळद तर नकोच

आपल्या सांगलीत हळदीचं एवढं मोठं मार्केट, त्यामुळं कुणाला काही लागलं की पहिला हात हळदीच्या डब्याकडं जातो, आणि पेट पाळणाऱ्यांत पण हेच चालत आलंय की चिंचिलाला (दाट मऊ केसांचा, उंदराच्या जातकुळीतला पाळीव प्राणी) जखम झाली आणि डस्ट बाथ (बारीक धुळीत लोळून अंग साफ करणं) बंद केला तर कोमट पाण्यानं धुवायचं, वर हळद लावायची. प्लीज असं करू नका.

चिंचिलाच्या एका मुळातून पन्नास-साठ केस येतात, त्यात पाणी अडकतं, आतली कातडी लवकर वाळत नाही, मग अंग गार पडतं नाहीतर बुरशी. हळद जखमेला चिकटते, ते चाटतं, आणि डॉक्टरला खाली काय चाललंय ते दिसतच नाही.

डस्ट बाथ बंद ठेवायचा हे मात्र बरोबरे. धूळ जखमेच्या टाक्यांत जाते. जखम मिटून डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा, तोवर केस थोडे तेलकट दिसले तर दिसू देत, त्यानं काही बिघडत नाही. गुंता झालाच तर जखमेपासून लांबचा भाग बारीक कंगव्यानं शेपटीकडून वर, थोडा थोडा. जोरात धरलं तर घाबरून केसांचा पुंजकाच सोडतं. पिंजऱ्यातला भुसा काढून फ्लीसचं (मऊ, लोकरीसारखं) कापड घाला, आणि एप्रिल-मेमधे एसी लागतोच, २५ डिग्रीच्या वर त्याला झेपत नाही.

खायचं बंद केलं तर मात्र सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडं न्या, पोट थांबतं त्यांचं.