महाधमनीचा एमआरआय: आजार वाढला की मोजणी बदलली?

निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे पेशंट एमआरआय बेळगावात काढतात आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतात. तिथे पुन्हा तपासणी झाली की आकडे जुळत नाहीत आणि घरात धास्ती बसते. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वात मोठी रक्तवाहिनी, तिच्या बाबतीत ही धास्ती पुष्कळदा अनाठायी असते.

प्रत्येक ठोक्याला महाधमनी थोडी फुगते आणि परत बसते. वयानं, बीपीनं, विडीनं तिची भिंत ताठर होते. नेहमीच्या रिपोर्टात बहुतेकदा फक्त व्यास असतो. ताठरपणा मोजतात तो मुख्यतः संशोधनात. त्यासाठी नाडीची लाट महाधमनीच्या कमानीतून, म्हणजे हृदयाच्या वर ती वळते त्या भागातून, किती वेगानं जाते ते बघतात. अंतर भागिले वेळ, एवढंच गणित. पण समजा, कमानीतलं अंतर 12 सेंटिमीटर आहे. निरोगी तरुणात लाट सेकंदाला 5 मीटर धावते, म्हणजे 24 मिलिसेकंद लागतात. ताठर महाधमनीत वेग 10 मीटर, वेळ जेमतेम 12 मिलिसेकंद. आता वेळ मोजताना 5 मिलिसेकंदांची चूक झाली, तर तरुणाचा आकडा 4 ते 6 च्या आसपासच राहतो. ताठर महाधमनीचा मात्र 7 ते 17 मध्ये कुठेही जाऊ शकतो. एमआरआय दर 10 किंवा 20 मिलिसेकंदांनी एक चित्र घेत असेल, तर एवढी चूक सहज होते. ज्याला नेमक्या आकड्याची सर्वाधिक गरज, त्याचाच आकडा सर्वात डळमळीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरी पद्धत फुगवटा मोजायची. त्यात बीपीही धरावं लागतं, आणि ते घेतात दंडावर. तरुणांमध्ये दंडावरचं वरचं आणि खालचं बीपी यांतलं अंतर महाधमनीतल्यापेक्षा जास्त असतं. त्यामुळे भिंत आहे त्याहून ताठर दिसते.

1986 मध्ये ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की दोन मोजण्यांचा सहसंबंध उत्तम असला, म्हणजे एक वाढली की दुसरीही वाढत असली, तरी त्या जुळतीलच असं नाही. एकेका माणसामागे फरक किती पडतो, ते बघावं लागतं. त्याच माणसाचा एमआरआय लगेच पुन्हा काढला तर जेवढा फरक येतो, तेवढाच वर्षभरानं आला, तर आजार वाढला असं म्हणता येत नाही.

म्हणून पुन्हा तपासणी करायची तर शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर करावी, आणि बीपी पेशंट एमआरआयच्या टेबलावर झोपलेला असतानाच घ्यावं. कागदी रिपोर्टाबरोबर सीडीही जपून ठेवावी. जुनी आणि नवी चित्रं एकाच रेडिओलॉजिस्टला शेजारी शेजारी ठेवून मोजता येतात. निदान मोजणाऱ्या हाताचा फरक तरी त्यातून निघून जातो.