घाम, माठ आणि मराठवाड्याचं ऊन

मुंबईकडचा पाहुणा मे महिन्यात परभणीला आला की दुसऱ्या दिवशी त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं: "ऊन भयंकर आहे, पण तुमच्याकडे घाम येत नाही हो." येतो की. दुपारी बाजार करून आलेल्या माणसाचा गडद रंगाचा शर्ट बघावा. पाठीवर, काखेत पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. ते मीठ. पाणी वाऱ्यानं केव्हाच नेलेलं असतं.

हे उडून जाणारं पाणी पहिल्यांदा मोजायला बसला तो इटलीतला सांतोरिओ नावाचा वैद्य. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून आपलं खाणंपिणं आणि मलमूत्र तोलत असे. वर्षानुवर्षं तोललं, तरी हिशेब जुळेना. बराच भाग डोळ्यांना न दिसताच अंगातून निघून जात होता. 1614 मध्ये त्यानं हे छापलं. पण याचा थंडाव्याशी काय संबंध, हे उलगडायला पुढं जवळपास दीड शतक गेलं. 1758 च्या एका पत्रात बेंजामिन फ्रँकलिन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या कापणीवाल्यांबद्दल लिहिलं आहे: घाम चालू असेतो ही माणसं कडक उन्हात राबतात, घाम थांबला की कोसळतात, कधी मरतातही. घाम टिकावा म्हणून ती माणसं पाण्यात रम मिसळून पीत. आपल्याकडं त्या जागी ताक आहे, आणि ते जास्त शहाणपणाचं.

खरी गंमत लंडनची. 1774 मध्ये जॉर्ज फोर्डाइस या डॉक्टरांनी तापवलेल्या खोलीत त्यांचे डॉक्टर मित्र चार्ल्स ब्लॅग्डेन आणि मंडळी शिरली. पुढच्या प्रयोगांत खोलीचं तापमान 260 फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ 127 सेल्सियसपर्यंत चढवलं गेलं. माणसं काही मिनिटं आत राहून धडधाकट बाहेर आली. त्याच खोलीत अंडी भाजून घट्ट झाली आणि मांसाचा तुकडा शिजला. भात्यानं वारा घातला तेव्हा तर तेरा मिनिटांत. टोपलीत बसवलेलं कुत्रं धापा टाकत राहिलं आणि वाचलं. पण मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा मातीच्या भांड्याचा प्रयोग. भांड्यातलं पाणी 60 सेल्सियसच्या आसपास येऊन अडलं, पुढं तापेचना. मग त्यावर थोडं तेल सोडलं. तेलाच्या थराखाली वाफ अडली आणि पाणी खळखळा उकळलं.

आपल्या घरातल्या बाईला यात नवल वाटणार नाही. जुन्या माठाची छिद्रं बुजली की तो पाझरत नाही, आणि पाझरला नाही की पाणी गार होत नाही. रांजणाभोवती ओलं गोणपाट गुंडाळतात ते याचसाठी. आपलं अंगही माठच. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळून गेलेला घाम मात्र काही कामाचा नाही.

म्हणून नुसता पारा बघून चालत नाही. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1905 मध्ये इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या खाणींतल्या उष्म्यावर लिहिताना दाखवलं की माणसाची मर्यादा ठरवतो तो ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक, कोरडा नव्हे. परभणीत 43 अंश आणि हवेत दमटपणा 15 टक्के असेल तर ओला तापमापक 22-23 दाखवेल. मुंबईत 34 अंश आणि 70 टक्के असतील तर 29. हा आकडा जितका कमी तितकं अंग गार ठेवणं सोपं, म्हणजे घामाच्या दृष्टीनं बघितलं तर आमची हवा बरी म्हणायची. तिची एकच अट आहे, प्यायला पाणी हवं.

जनावरांचा हिशेब वेगळा. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी आणि कातडी काळी, त्यामुळं तिला डोह लागतो. डोह आटला की ती दावणीला धापा टाकते. लाल कंधारी आणि देवणी ही इथलीच गुरं, वशिंडाच्या वंशातली. त्यांना संकरित गायीपेक्षा जास्त घाम येतो आणि अंगातली उष्णताही कमी तयार होते. कोंबडीला घाम नाहीच, ती चोच उघडून गळा थरथरवते. उंटाची युक्ती मात्र अजब आहे. 1950 च्या दशकात प्राण्यांच्या शरीरक्रियांचे अभ्यासक क्नुट श्मिट-नील्सन यांनी सहारात जाऊन बघितलं, तर तहानलेल्या उंटाचं अंग पहाटे 34 वर आणि दुपारी 40 च्या वर. दिवसभराची उष्णता अंगात साठवायची, रात्री सोडून द्यायची, घाम वाचवायचा.

माणसाला ही सोय नाही. अंग 40 वर गेलं आणि शुद्ध हरपायला लागली, की तो उष्माघात.

इथली जुनी माणसं दुष्काळांची तुलना एका वाक्यात करतात: बहात्तरला खायला नव्हतं, पण प्यायला होतं. भर उन्हात खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. गेलेला घाम भरून काढायला पाणी मिळत होतं. 2016 च्या दुष्काळात पाण्याचीच बोंब होती. मार्चमध्ये लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम जातो. पंधरा लिटरची घागर डोक्यावर घेऊन दोन तास चालत आलेल्या बाईनं घरी पोचेपर्यंत त्यातलं दोन लिटर आधीच खर्चलेलं असायचं.