चिकटवलेले लाकडी फ्लोअरिंग फुगत नाही, हा गैरसमज

पट्ट्या अ‍ॅडहेसिव्हने पक्क्या चिकटवल्या की मुंबईच्या पावसाळ्यातही लाकडी फ्लोअरिंग फुगत नाही, म्हणून भिंतीलगत फट सोडण्याची गरज नाही, असे सुतारांपासून घरमालकांपर्यंत अनेकजण मानतात. ते चुकीचे आहे. दमट हवेत लाकूड मुख्यतः त्याच्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने रुंदावते, आणि त्याला जागा मिळाली नाही तर जुलैमध्ये दिवाणखान्याच्या मधोमध पट्ट्या तंबूसारख्या वर उचलल्या जातात. अ‍ॅडहेसिव्ह ही हालचाल आवरते, थांबवत नाही. साधारण १० ते १२ मिलिमीटरची फट हवीच. स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, ती झाकली जाते. खरा घोळ मात्र बहुधा खालच्या ओलसर कोब्यात असतो. पट्ट्या बसवण्याआधी त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडा चिकटवून दिवसभर ठेवावा, आणि आतून थेंब जमले तर, कंत्राटदाराने कितीही घाई केली तरी, काम पुढे ढकलावे.