खेळाच्या तासाला हाडं काय करतात

जानेवारी उजाडला की बऱ्याच शाळांच्या वेळापत्रकातला एक तास गुपचूप नाहीसा होतो. तक्त्यावर ‘शा. शि.’ लिहिलेलं तसंच राहतं, पण त्या तासाला वर्गावर गणिताचे नाहीतर विज्ञानाचे शिक्षक येतात, कारण पोर्शन पुरा व्हायचा असतो. दहावीला तर हे जूनपासूनच सुरू होतं. पालकांची तक्रार नसते, उलट त्यांना बरंच वाटतं. मुलं कुरकुर करतात, पण ती कुणी मनावर घेत नाही. माझ्या मते मुलांचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यांच्या बाजूने उभा राहील असा पुरावा गेल्या पन्नासेक वर्षांत भरपूर जमला आहे.

हाडांपासून सुरुवात करू, कारण तिथे हाताशी वेळ सगळ्यात कमी असतो. हाड ही जिवंत ऊती आहे. तिच्या आत अस्थिपेशींचं जाळं पसरलेलं असतं आणि या पेशी अतिसूक्ष्म नलिकांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. नलिकांमध्ये द्रव असतो. मूल उडी मारून जमिनीवर उतरतं तेव्हा मांडीचं हाड डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतकं किंचित वाकतं. तेवढ्याने तो द्रव हलतो आणि पेशींना कळतं की इथे भार पडतोय. मग या अस्थिपेशी हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतात. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने हाड मजबूत होत जातं. जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली हे तत्त्व मांडलं होतं. पुढे टेनिसपटूंच्या दंडांनी त्याला साक्ष दिली. ज्या हाताने खेळायचं त्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड निघतं. फिनलंडच्या संशोधकांनी १९९५ साली टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रिया तपासल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास ज्यांनी खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्या हाडांना झालेला फायदा उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होता.

असं का, याचं उत्तर कॅनडात सस्काचवान इथे वर्षानुवर्षं मुलांची हाडं मोजत राहिलेल्या संशोधकांकडून मिळालं. मोठेपणी आपल्या हाडांत जेवढी खनिजं असतात, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा वाढीच्या ऐन भरातल्या अवघ्या दोन वर्षांत साठतो. मुलींमध्ये हा वेग साडेबाराव्या वर्षाच्या आसपास सर्वात जास्त असतो, मुलांमध्ये चौदाव्या. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने सहावी ते नववी. साठीत पायरी चुकल्यावर खुबा मोडेल की नुसतंच खरचटेल, हे बऱ्याच अंशी या इयत्तांमध्ये ठरत असतं. एका गणिती प्रारूपानुसार तरुणपणीची हाडांची घनता १० टक्क्यांनी जास्त असेल, तर हाडं ठिसूळ होण्याचा आजार तब्बल १३ वर्षं पुढे ढकलला जातो.

यासाठी घाम गाळत तासन्‌तास पळावं लागतं का? अजिबात नाही. १९८४ साली रुबिन आणि लॅन्यन या शास्त्रज्ञांनी कोंबड्याच्या पंखातल्या हाडावर यंत्राने रोज ठरावीक वेळा भार दिला. दिवसाला फक्त ३६ वेळा भार दिल्यावर हाड वाढू लागलं, आणि शेकडो वेळा दिला तरी त्याहून जास्त वाढलं नाही. थोड्याच धक्क्यांनंतर पेशी प्रतिसाद देईनाशा होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा ताज्यातवान्या होतात. माणसांच्या मुलांवर असाच एक प्रयोग अमेरिकेत ओरेगनमध्ये झाला. प्राथमिक शाळेतली मुलं ६१ सेंटिमीटर उंच खोक्यावरून प्रत्येक वेळी १०० उड्या मारायची, आठवड्यातून तीनदा, सात महिने. सोबतीच्या गटाने तेवढाच वेळ नुसते ताणाचे व्यायाम केले. शेवटी उड्या मारणाऱ्यांच्या खुब्याजवळच्या हाडात ४.५ टक्के जास्त भर पडली होती. शंभर उड्यांना कितीसा वेळ लागतो?

हे वाचल्यावर शाळेच्या वेळापत्रकाकडे पाहण्याची नजरच बदलायला हवी. शनिवारी सकाळच्या शाळेत सगळ्यांची मिळून एकदाच होणारी मास पीटी हाडांच्या दृष्टीने फार उपयोगाची नाही. तोच वेळ आठवडाभर थोडाथोडा वाटला तर फायदा कितीतरी जास्त. आणि त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. लंगडी घ्या. एका पायावर उडी मारून उतरताना शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार त्या एका पायावर येतो, शिवाय गडी चुकवताना तो सतत वेगवेगळ्या दिशांनी येतो. हाडाला नेमका असाच, अनपेक्षित आणि झटक्याचा भार हवा असतो. दोरीवरच्या उड्यांचंही तेच. पोहणं आणि सायकल चालवणं हृदयासाठी उत्तम, पण त्यात जमिनीचा धक्का बसत नाही, म्हणून हाडांसाठी ते पुरेसे नाहीत.

आता स्नायू. इथे एक पुण्याची गोष्ट सांगायलाच हवी. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान नव्हती. स्नायू बरेच कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. दिसायला बारीक, आतून स्निग्ध. मोठेपणीही हेच पुढे चालू राहतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के.

रक्तातली जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू उचलतात. त्यासाठी स्नायूपेशीच्या आत ग्लुकोजला वाट करून देणारी प्रथिनं असतात. एरवी ती इन्शुलिनच्या सांगण्यावरून पेशीच्या पृष्ठभागावर येतात. पण स्नायू आकुंचन पावला की इन्शुलिनची वाट न बघता ती आपोआप वर येतात. म्हणजे हलणारा स्नायू साखर स्वतःच ओढून घेतो. ज्यांच्याकडे मुळात स्नायू कमी आहेत, त्यांनी ते वापरणं आणि वाढवणं किती गरजेचं आहे हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच ‘आमचा बारीकच आहे, त्याला कशाला व्यायाम?’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. मराठी घरातल्या बारीक मुलाला खेळाच्या तासाची गरज गुटगुटीत मुलाइतकीच असते, कदाचित जास्तच.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर, उघड्यावर दिला. तीन वर्षांनी या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसण्याचा दोष (मायोपिया) जडला होता, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. भर उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि त्यामुळे नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांब होत नाही, असं यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं. इथे काम करतो तो उजेड, धावणं नव्हे. पण आपल्या शाळांत मुलं उजेडात जाणार कधी, तर खेळाच्या तासालाच.

मग गुणांचं काय? पालकांचा खरा प्रश्न तोच असतो आणि तो रास्त आहे.

कॅनडात क्यूबेक प्रांतातल्या त्रोआ-रिव्हिएर भागात १९७० साली प्राथमिक शाळांत एक धाडस झालं. पाचशेहून अधिक मुलांच्या या अभ्यासात एका गटाला रोज तासभर शारीरिक शिक्षण दिलं आणि त्यासाठी इतर विषयांचा वेळ सुमारे १४ टक्क्यांनी कापला. मुलं अभ्यासात मागे पडली नाहीत. पहिलीत थोडी मागे होती, पुढच्या इयत्तांत मात्र बरोबरीला आली आणि काही वर्षी तर पुढेच राहिली.

मला जास्त भावतो तो स्वीडनमधला प्रयोग. माल्मो शहराच्या कडेला बुंकेफ्लो नावाच्या वस्तीतल्या शाळेत १९९९ पासून शारीरिक शिक्षणाचा तास रोजचा झाला. आठवड्याला दोन तासांऐवजी पाच. यात निवडक मुलं नव्हती, वर्गातली सगळी होती. पळणं, उड्या, चढणं, चेंडूचे खेळ, एवढंच. संशोधकांनी ही मुलं नऊ वर्षं, म्हणजे शाळा संपेपर्यंत पाहिली. त्याच शाळेत ज्यांना जुन्या पद्धतीने दोनच तास मिळाले होते, त्यांच्याशी तुलना केली. नववीत पोहोचल्यावर तोल सांभाळणं, चेंडू झेलणं अशा हालचालींत अडचण असलेली मुलं रोजच्या तासाच्या गटात ७ टक्के होती, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पुढच्या शिक्षणासाठी लागणारे गुण पहिल्या गटातल्या ९६ टक्के मुलांनी मिळवले, दुसऱ्यातल्या ८९ टक्क्यांनी. नुसत्या मुलग्यांमध्ये फरक आणखी मोठा, ९६ आणि ८३.

हा एकाच शाळेतला अभ्यास आहे, गटही चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. खेळाने गुण हमखास वाढतात, असा दावा मी करणार नाही. पण खेळाला वेळ दिल्याने गुण घटतात, या आपल्याकडच्या पक्क्या समजुतीला मात्र आधार सापडत नाही. वीस मिनिटं भरभर चालून आलेल्या मुलांचं लक्ष लगेचच्या चाचणीत जास्त चांगलं टिकतं, हे इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलंच आहे. त्याच माल्मोच्या प्रकल्पातली आणखी एक नोंद पालकांनी वाचावी अशी आहे. जास्त खेळणारी मुलं जास्त पडणार आणि जास्त हाडं मोडून घेणार, अशी भीती असते. तिथे सुरुवातीला दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि नंतर रोज खेळणाऱ्या मुलांमध्ये हाड मोडण्याचं प्रमाण वर्षागणिक कमी होत गेलं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. १४६ देशांतल्या माहितीवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं त्यात कमी पडत होती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के.

मुलींचा हा आकडा मला सगळ्यात जास्त टोचतो. पाचवीपर्यंत मैदानावर मुलांच्या बरोबरीने धावणारी मुलगी सातवीत कडेला बसायला लागते. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. सलवार-कमीज नाहीतर स्कर्टमध्ये धावता येत नाही, शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं, पाळीच्या दिवसांत डाग पडेल ही धास्ती, मुलांनी क्रिकेटसाठी अडवलेलं अख्खं मैदान, आणि ‘आता मोठी झालीस’ हे घरचं पालुपद. आणि हे सगळं नेमकं साडेबाराव्या वर्षाच्या आसपास, जेव्हा तिची हाडं आयुष्यात सर्वात वेगाने भरत असतात. ठिसूळ हाडांचा त्रास पुढे स्त्रियांनाच जास्त होतो. सातवीतल्या मुलींसाठी ट्रॅक पँट आणि राखून ठेवलेला अर्धा तास मैदान, हा माझ्या लेखी आरोग्याचा खर्च आहे.

तास मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे की शारीरिक शिक्षणाच्या तासातला निम्म्याहून कमी वेळ मुलं खरोखर हालचाल करतात. बाकीचा वेळ रांगेत उभं राहण्यात, हजेरीत, सूचना ऐकण्यात जातो. आपल्याकडे भर पडते ती ‘आउट’ होण्याची. जो आधी बाद होतो तो बसून राहतो, आणि आधी बाद होतो तो नेमका ज्याला सरावाची गरज असते तो. जाणते शिक्षक यावर सोपा उपाय करतात. बाद झालेल्याने कडेला वीस दोरीवरच्या उड्या मारायच्या आणि परत खेळात यायचं. खो-खोत दोन छोटे संघ लावले की बसून राहणारी मुलं कमी होतात. एक सवय मात्र ताबडतोब सुटायला हवी. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला फेऱ्या, उशीर झाला म्हणून उठाबशा. व्यायाम म्हणजे शिक्षा हे एकदा मनात ठसलं, की पुढची चाळीस वर्षं माणूस त्यापासून पळतो.

जागा नाही, ही अडचण मुंबईतल्या शाळांची खरी आहे. पण औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शंभरेक वर्षांपूर्वी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, त्याला एका सतरंजीएवढी जागा पुरत होती. दोरीला तेवढीच लागते, लंगडीला थोडी जास्त. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली खेळाला ‘अभ्यासेतर’ म्हणून बाजूला ठेवायचं नाही असं म्हटलं आहे. प्रश्न उरतो तो प्रत्येक वर्गापर्यंत तास पोहोचण्याचा आणि तो घेणारे प्रशिक्षित शिक्षक नेमण्याचा. कित्येक शाळांत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक एकच असतात आणि निम्मा वेळ त्यांच्यावर कार्यालयीन कामं लादलेली असतात.

बुंकेफ्लोच्या शाळेत एक गोष्ट अशी होती, जी मला आपल्या प्रत्येक शाळेत हवी आहे. ज्या मुलांना चेंडू झेलता येत नव्हता, एका पायावर उभं राहता येत नव्हतं, त्यांना आठवड्याला आणखी एक वेगळा तास मिळायचा. आपल्याकडे जादा सराव मिळतो तो तालुका पातळीवर निवड झालेल्या मुलांना. तो त्यांना जरूर मिळावा. पण लंगडी घालताना दुसऱ्याच उडीला ज्याचा पाय टेकतो, त्या मुलाचं नावही कुठल्यातरी यादीत असायला हवं.