ई-रिक्षा

बॅटरीवर चालणारे, कमी वेगाचे तीनचाकी प्रवासी वाहन. बंगालमध्ये हिला टोटो म्हणतात. नेहमीच्या ऑटोसारखी दिसणारी विजेवरची ‘ई-ऑटो’ ही हिच्याहून वेगवान, आणि कायद्यानेही वेगळ्या वर्गातली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांच्या गटाने २००० च्या सुमारास ‘इलेक्शा’ ही विजेवरची रिक्षा तयार केली होती. उत्तर भारतात पसरली ती मात्र चिनी सुटे भाग आणून गल्लीबोळांतल्या कारखान्यांत जोडलेली गाडी. नोंदणी नाही, परवाना नाही, विमा नाही, अशा अवस्थेत जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राचे नियम आले: चालक सोडून ४ प्रवासी, ४० किलो सामान, ताशी २५ किमी वेग, मोटर २,००० वॉटपर्यंत. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यातही दुरुस्ती झाली. चार प्रवाशांचा नियम रस्त्यावर क्वचितच पाळला जातो. सहा-सात जण बसवून उड्डाणपूल चढायला घेतला की मोटर जास्त करंट ओढते, मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर तापतो, आणि गाडी चढावरच बसते.

गाडीचा खरा खर्च बॅटरीत आहे. १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट मिळतात. एकेकीचे वजन ३० किलोच्या आसपास, म्हणजे दीड-दोन माणसांचे वजन गाडी कायम वाहते. रोज पूर्ण रिकामी केली तर ही चौकडी वर्षभरही टिकत नाही. अर्धवट चार्ज अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते आणि क्षमता कायमची घटते. उन्हाळ्यात पाणी लवकर उडते. प्लेटा उघड्या पडण्याआधी डिस्टिल्ड वॉटरच घालावे, आम्ल नव्हे, नळाचे पाणी तर नाहीच. पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणारी नळी) चारही बॅटऱ्यांतल्या आम्लाची घनता पाण्याच्या १.२६ ते १.२८ पट यावी. एकच मागे राहत असेल तर ती उरलेल्या तिघींनाही ओढते. तिच्या जागी कोरी बॅटरी घालणे हा स्वस्त वाटणारा, पण फसणारा उपाय, कारण जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर थकते.

‘शून्य प्रदूषण’ ही पाटी मागच्या धुरापुरतीच खरी. १३० अँपिअर-तासांचा संच म्हणजे सुमारे ६.२ युनिट; त्यातली ८० टक्के वीज वापरली तर ५. पण शिसे-आम्ल बॅटरी आणि साधा चार्जर यांतली गळती धरता भिंतीतून ७ ते ७.५ युनिट घ्यावे लागतात. देशात युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. एका चार्जवर ७५-८० किमी धरले तर किलोमीटरला ६५ ग्रॅम, आणि त्यात वीजकेंद्रापासून घरापर्यंतच्या तारांमधली गळती धरलेली नाही. किलोला ३५-४० किमी देणारी सीएनजी ऑटो ७० ग्रॅमच्या आसपास सोडते. म्हणजे फरक नावापुरताच. लिथियम संचात गळती बरीच कमी, वजन निम्म्याहून कमी, म्हणून बचत दिसू लागते. मात्र चार्जर त्याच संचाचा हवा.

गाडी कोणाची जागा घेते, यावरही हिशेब फिरतो. डिझेलच्या टमटमची घेतली तर लाभ. सायकलरिक्षाची घेतली तर उत्सर्जन उलट वाढते, फक्त माणसाचे कष्ट वाचतात. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने हातरिक्षा माणसे ओढत. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला तो मुख्यतः याच कारणासाठी, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

चार्जिंग बहुधा घरमालकाच्या किंवा ठेकेदाराच्या शेडमध्ये होते. आकडा टाकून घेतलेली वीज, अर्थिंग नसलेला बोर्ड आणि पावसाळ्याची ओल एकत्र आली की शॉक लागून माणसे दगावतात. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा खोली बंद नको. वापरलेल्या बॅटरीला भंगारात चांगला भाव मिळतो, कारण तिचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते. पण ती उघड्या भट्टीत गेली की आम्ल गटारात आणि शिशाचा धूर वस्तीत जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.